कोरलसाठी दिवा किती वॅटचा? आधी कोरल कुठे बसणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात घरी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. वर्षभर त्यात दोन क्लाउनफिश सुखात आहेत. आता त्यात मशरूम, झोआ, ग्रीन स्टार पॉलिप आणि एखादं लेदर अशी चार मऊ कोरलं, म्हणजे प्रवाळं, ठेवायची आहेत. एक दुकानदार १६५ वॅटचा एलईडी घ्या म्हणतो, दुसरा तसे दोन लावा म्हणतो. प्लांटेड टँकचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टँकचा, एक जुना दिवा घरात पडून आहे. मेहुणे अमेरिकेहून येणार आहेत, त्यांच्याकडून मागवावा का, हेही विचारलं आहे. आणि शेवटी, नक्की किती वॅट?

वॅटचा आकडा मी सांगू शकतो, पण तो तुमच्या फारसा कामाचा नाही. दिवा वीज किती खातो एवढंच वॅटवरून कळतं. ट्यूबलाइटच्या काळात सगळ्या ट्यूब जवळपास सारखाच प्रकाश द्यायच्या, म्हणून ‘अमुक लिटरला तमुक वॅट’ हा हिशेब चालून जायचा. एलईडीत तो पार कोलमडला. सारख्याच वॅटचे दोन दिवे शेजारी लावले तर एकाखाली दुसऱ्यापेक्षा दुपटीने प्रकाश असू शकतो. भिंगं कोणती बसवली आहेत, दिवा किती उंचावर टांगला आहे, डायोड कोणत्या प्रतीचे आहेत, यावर सगळं अवलंबून.

तेव्हा प्रश्न असा मांडू या. कोरल ज्या दगडावर बसणार आहे, त्या दगडावर त्याच्या उपयोगाचा प्रकाश किती पडतो? आणि तो रोज तेवढाच पडत राहील का? तुम्ही निवडलेल्या चार कोरलांच्या बाबतीत मला टँकांची देखभाल करताना जे दिसतं ते स्पष्ट सांगतो. प्रकाश कमी पडून ही कोरलं गेल्याचं क्वचित दिसतं. प्रकाश जास्त झाल्याने, किंवा मालक दर चार दिवसांनी डिमर फिरवत राहिल्याने बिघडलेले टँक मात्र सारखे दिसतात.

कोरलला प्रकाश लागतो तो त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालासाठी. त्यांना झूझँथेली म्हणतात. ती प्रकाशसंश्लेषण करून साखर बनवतात आणि तिचा बराच भाग कोरलला मिळतो. म्हणून आपण मोजायचं ते प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारं. त्याला पार म्हणतात, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो तो आकडा. उष्ण कटिबंधात सूर्य डोक्यावर असताना समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. तो ऐकून घाबरू नका. मशरूमला ३० ते ७५ पुरतो. झोआ आणि ग्रीन स्टार पॉलिप ५० ते १५० मध्ये छान राहतात. लेदरला ७५ ते १५० द्या. दोनशे-तीनशेच्या पुढची गरज अॅक्रोपोरासारख्या फांद्या फुटणाऱ्या कठीण कोरलांना असते, आणि ती तुमच्या यादीत नाहीत.

आता तुमच्या टँकचा हिशेब. दीड फूट म्हणजे ४५ सेंटीमीटर. खाली वाळूचा थर, वर काठापर्यंतची मोकळी जागा वजा केली की पाण्याची खोली ३५ ते ३८ सेंटीमीटर उरते. एवढ्या कमी खोलीत पाणी प्रकाश शोषून घेतं ही भीती सोडून द्या. समुद्रात दहा मीटरवर लाल रंग जवळजवळ संपलेला असतो हे खरं, पण हातभर पाण्यात तो परिणाम किरकोळ आहे. खाली प्रकाश कमी होतो त्याचं मोठं कारण म्हणजे दिव्यापासून जसजसं लांब जावं तसतसा तो पसरत जातो, आणि दगडांच्या सावल्या पडतात.

म्हणून भिंगाकडे लक्ष द्या. बागेच्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाण्याची धार लांब जाते, पण थोडीच जागा भिजते. ६० अंशाचं भिंग प्रकाशाचं तेच करतं. खोल टँकला ते ठीक आहे. तुमच्या उथळ टँकमध्ये मधोमध प्रखर ठिपका आणि कडांना अंधार अशी अवस्था होईल. तुम्ही ९० ते १२० अंशांची भिंगं असलेला दिवा शोधा. १६५ वॅटचा जो काळा डबा बाजारात सगळीकडे मिळतो, निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांना वेगवेगळे डिमर असलेला, तो पाण्यापासून वीतभर उंचीवर पूर्ण ताकदीने चालवला तर मधल्या भागात, वरच्या थरात, पार तीनशेच्या पुढे सहज जातो. म्हणजे तुमच्या कोरलांच्या गरजेच्या दुप्पट-तिप्पट. असे दोन लावा म्हणणाऱ्याने तुम्ही कोणती कोरलं ठेवणार हे विचारलंच नसावं.

पण एका डब्यातला खरा अडथळा वेगळा आहे. तो साधारण दोन फूट बाय दोन फूट जागा नीट उजळतो, आणि तुमचा टँक ३ फुटांचा. दोन्ही टोकांना प्रकाश कमी पडणार. मला विचाराल तर एका मोठ्या दिव्यापेक्षा तेवढ्याच किंवा त्याहून कमी वॅटचे दोन छोटे दिवे केव्हाही बरे. एकूण ८० ते १०० वॅट पुरेत. हा घ्या तुमचा वॅटचा आकडा, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा. दोन दिव्यांनी प्रकाश सारखा पसरतो, दगडाखालच्या काळ्या सावल्या मऊ होतात, आणि एक बंद पडला तर दुसऱ्यावर काही दिवस निभावतं. एकाच डब्याचं बजेट असेल तरी वाईट नाही. टोकांच्या मंद जागा मशरूमना देऊन टाका, ती तिथे खूश असतात.

टी-५, म्हणजे बारीक ट्यूबलाइट, असंही कोणी सुचवेल. ३ फुटी टँकला ३९ वॅटच्या ट्यूब बसतात आणि त्यांच्याइतका एकसारखा प्रकाश एलईडीत मिळवणं कठीण आहे. पण त्या नऊ महिने ते वर्षभरात बदलाव्या लागतात, आणि चांगल्या रीफ ट्यूब आपल्याकडे मिळवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आता त्या सुचवत नाही.

रंगाचं काय? झूझँथेलींमधलं हरितद्रव्य आणि पेरिडिनिन हे रंगद्रव्य मुख्यतः निळा ते निळसर-हिरवा प्रकाश टिपतात. त्यामुळे ४२० ते ४८० नॅनोमीटरचा निळा भरपूर हवा आणि त्याला पांढऱ्याची जोड हवी. डब्यावर १०,००० ते २०,००० केल्विन लिहिलेलं असतं ते साधारण याच अर्थाने, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. पांढरा किती ठेवायचा हा बराचसा तुमच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. निळा जास्त ठेवला की झोआ रात्रीच्या वेळी निऑनसारखे चमकतात, पण मासे आणि दगड निर्जीव दिसतात. पांढरा वाढवला की टँक समुद्रासारखा मोकळा दिसतो, पण त्यासोबत शेवाळही हात पाय पसरतं. कोरल दोन्हींत जगतं.

तुमचा प्लांटेड टँकचा दिवा ६५०० केल्विनचा असणार. त्यात निळा असतो, थोडा कमी. त्याच्याखाली मशरूम आणि ग्रीन स्टार पॉलिप जगतात, वाढतातही. रंग मात्र तपकिरीकडे झुकतात. पुढच्या महिन्यात नवा दिवा घेणार असाल तर तोवर हा चालवायला माझी काही हरकत नाही. पण झोआंचे रंग बघून तुम्ही या छंदाकडे वळला असाल, तर याच्यावर थांबू नका.

मोजायचं कसं? पार मीटर महाग आहे, एका टँकसाठी विकत घेऊ नका. पुण्या-मुंबईत रीफ टँक, म्हणजे कोरलचे टँक, ठेवणारे लोक आहेत, कोणाकडे तरी तो असतो. एका दुपारचं काम आहे, मागून घ्या. मीटर निळ्या एलईडीसाठी सुधारलेला आहे ना एवढं विचारा, कारण जुने काही मीटर निळा प्रकाश कमी दाखवतात. मोबाइलवरच्या लक्स अॅपचा आकडा पारमध्ये बदलायचं सूत्र बरेच जण देतात. सूर्यप्रकाशात ५४ लक्सला १ पार असा हिशेब आहे, पण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि आपला डोळा निळ्याला कमी संवेदनशील. निळ्या दिव्याखाली ते सूत्र साफ चुकतं, खरा पार बराच जास्त असतो. लक्स अॅप वापरायचंच असेल तर तुलनेपुरतं वापरा. तोच फोन, दिव्याचे तेच सेटिंग, तीच उंची, आणि टँकच्या डाव्या, मधल्या, उजव्या बाजूला किती फरक आहे ते बघा. त्यासाठी ते चांगलं काम करतं.

इथवरचं एकत्र सांगतो. दोन छोटे एलईडी, मिळून ८० ते १०० वॅट, रुंद भिंगं, निळ्या आणि पांढऱ्याला वेगळा डिमर, टायमर आतच असेल तर उत्तम, नसेल तर बाहेरून साधा टायमर लावा. दिवे पाण्यापासून २० ते ३० सेंटीमीटर वर. मशरूम खाली, टोकांना. झोआ मधल्या दगडांवर. लेदर वरच्या मधल्या भागात. ग्रीन स्टार पॉलिप बाकी दगडांपासून सुटं, वाळूवर एकट्या दगडावर ठेवा. प्रकाश मिळाला की ते गालिच्यासारखं पसरत शेजाऱ्यांवर चढतं आणि मग आवरत नाही.

आता सुरुवात कशी करायची, आणि माझ्या मते दिव्याच्या निवडीपेक्षा हेच जास्त मोलाचं आहे. कोरल दुकानात मंद प्रकाशात किंवा दोन दिवस पिशवीच्या अंधारात राहून आलेलं असतं. पहिल्या दिवशी त्याला तळाशी ठेवा. निळा ३० टक्क्यांवर, पांढरा १० टक्क्यांवर. मग दर आठवड्याला जेमतेम ५ टक्के वाढवा आणि महिना-दीड महिन्यात जिथे पोहोचायचं तिथे पोहोचा. तुमच्या दिव्यावर टक्के वेगळे निघतील, वाढवण्याचा वेग मात्र हाच ठेवा. झूझँथेलींची क्षमता एका मर्यादेपर्यंत वाढते. त्यापलीकडचा प्रकाश वापरला जात नाही, त्यातून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि कोरल स्वतःच्याच शैवालाला बाहेर टाकतं. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. कोरल त्या क्षणी मेलेलं नसतं, पण त्याचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.

वेळ रोज ८ ते १० तास. तुम्ही संध्याकाळी घरी येत असाल तर दुपारी एक ते रात्री दहा ठेवा, कोरलची काही तक्रार नसते. वेळ रोज तीच हवी. ‘आज पाहुणे आहेत म्हणून बारापर्यंत चालू’ हे नको.

कोरल बोलत नाही, पण दाखवतं. झोआंचे देठ लांब होऊन माना वर काढल्यासारखे दिसू लागले, लेदर एका बाजूला झुकू लागलं, रंग हळूहळू तपकिरी झाले, तर प्रकाश कमी आहे. मशरूम आक्रसून कडा वर वळवू लागलं, रंग फिकट पडू लागला, पॉलिप, म्हणजे कोरलची फुलासारखी उघडणारी तोंडं, भर उजेडात मिटलेले आणि दिवे मंद झाल्यावर उघडे, तर प्रकाश जास्त आहे. यात दोन ठिकाणी नवे लोक फसतात. लेदर मधूनमधून कात टाकतं. चार-आठ दिवस पॉलिप आत ओढून घेतं, अंगावर मेणचट चमक येते आणि मग ती पातळ साल सुटून जाते. त्याचा प्रकाशाशी संबंध नाही, डिमरला हात लावू नका, पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा. दुसरं, झोआ मिटलेले राहिले तर त्यांच्या बुडाशी बारीक समुद्री गोगलगाय किंवा तिची अंडी आहेत का ते आधी बघा. आणि झोआंचे दगड हाताळताना हातमोजे घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. तो दगड घासायचा, उकळायचा विचारही करू नका.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. टँक जुना झाला की पाण्याला पिवळसर झाक येते, रोज बघणाऱ्याला ती कळत नाही. ती झाक निळा प्रकाश अडवते. मग एक दिवस आपण फिल्टरमध्ये ताजा कार्बन भरतो, पाणी काचेसारखं होतं, आणि दिव्याला हात न लावता कोरलवरचा प्रकाश एकदम वाढतो. चार दिवसांत झोआ फिके. तुमचा टँक वर्षाचा आहे, त्यामुळे कार्बन कोरल आणण्याआधी बदला, आणि पुढे थोडा-थोडा बदलत राहा. तसंच दिव्याच्या काचेवर मिठाचे शिंतोडे जमतात, ते दर आठवड्याला ओल्या कापडाने पुसून घ्या. महिनोन्‌महिने साचू देऊन एकदम पुसले तर तोच झटका बसतो.

पुण्यात आहात म्हणून उष्णतेबद्दल बोलायलाच हवं. प्रकाश आणि तापमान हे दोन वेगळे विषय समजू नका. ज्या प्रकाशात कोरल जानेवारीत मजेत असतं, त्याच प्रकाशात ते मे महिन्यात पांढरं पडू शकतं, कारण गरम पाण्यात त्याची प्रकाश पचवायची ताकद घटते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली ती समुद्राचं पाणी तापल्यामुळेच. टँक २५ ते २७ अंशांत ठेवा. पुण्याची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर वारा सोडणारा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मुंबईत किंवा कोकणात दमट हवेमुळे तोच पंखा फारसं काही करत नाही, तिथे चिलरला पर्याय नाही. पंखा लावला की पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात, तेव्हा रोज गोडं आरओचं पाणी घालून पाण्याचा खारेपणा विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने १.०२५ वर ठेवा. आणि मार्चपासून जूनपर्यंत प्रकाश वाढवायचा कार्यक्रम स्थगित. खोली खूप तापली तर उलट १०-१५ टक्के उतरवा. दिवे बंद झाकणाच्या आत बसवू नका, एलईडीची उष्णता वर जाते, तिला वाट हवी.

विजेचं बिल: १०० वॅट रोज ९ तास म्हणजे महिन्याला २७ युनिट. डिमरवर त्याहून कमी. वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, टाका. दोन दिवस अंधार कोरल सोसतं, थांबलेलं पाणी काही तासांतच जीवघेणं होतं. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरणार नाही, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज एकत्र असताना ही काटकसरीची जागा नाही.

मेहुण्यांकडून मागवताना अॅडॉप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ छापलेलं आहे याची खात्री करा. नुसतं १२० असेल तर आपल्याकडे पहिल्याच दिवशी जळेल. शिवाय पुढे दिव्यातला पंखा किंवा त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर गेला तर सुटा भाग इथे कोण देणार, हे आधी बघा. समुद्री टँकवरच्या दिव्यात मीठ जाऊन पंखे बिघडतातच. इथे दुरुस्त होणारा मध्यम दिवा मला परदेशी उंची दिव्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की एका दुकानात ब्रेन कोरलचा तुकडा स्वस्तात मिळतोय, त्यासाठी वेगळा दिवा लागेल का. तो घेऊच नका, ब्रेन कोरल हे कठीण प्रवाळ आहे. प्रवाळखडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, शिवाय काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन यांचा २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. आपल्या समुद्रातून ती काढणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे. परदेशी माल आहे असं दुकानदार म्हणाला तरी कठीण प्रवाळांचा जागतिक व्यापार साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो, कागदपत्रांशिवाय तो बेकायदाच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्यात उतरलात तर गढूळ, हिरवट पाण्यातही तग धरून असलेली प्रवाळं दिसतील. ती तिथेच राहू देत. सॉफ्ट कोरल घेतानाही टँकमध्ये वाढवलेल्या फ्रॅगचाच, म्हणजे कोरलपासून कापलेल्या तुकड्याचाच, आग्रह धरा. असे फ्रॅग आधीच कृत्रिम प्रकाशाला सरावलेले असतात. विकणाऱ्याला त्याचा दिवा आणि डिमरचे टक्के विचारा, शक्य असेल तर कोरल टँकमध्ये असतानाच त्याचा फोटो काढून घ्या. घरी आणल्यावर कुठून सुरुवात करायची ते त्यावरून ठरवता येईल.